कोपऱ्यातल्या गाळ्याचा उजेड

"जरा उजेडात दाखवा की."

हे वाक्य कधीच न बोललेली एक बाई मला आणून दाखवा. ब्लाउजपीस घ्यायला कुणीही जाऊ दे, आजी असो, नवरी असो, नाहीतर कॉलेजातली पोरगी असो. दुकानदारानं कापड पुढं टाकलं की ती ते साडीच्या पदराला लावते, मान तिरकी करते आणि दोन्ही घेऊन सरळ दाराबाहेर येते. दुकानदार आतून ओरडत असतो, "ताई, सेम टू सेम हाये!" पण ताईचा त्याच्या ट्यूबलाइटवर काडीचा विश्वास नसतो.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. मॉलचे नकाशे काढलेत, रात्ररात्र जागून थर्माकोलची मॉडेलं कापलीत. आणि आमच्या आईचं दुकान वाचलं ते या एका वाक्यामुळं! थांबा, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी शेवटच आधी सांगून बसेन.

आईचं दुकान म्हणजे आधी टपरी होती. कळंबला हायवेच्या कडेला, पत्र्याची. पुढची फळी वर उचलली की दुकान उघडलं, खाली पाडली की बंद झालं. आत आई एकटीच मावायची, ती पण मांडी घालून. तिच्या मागं, बाजूला, डोक्यावर सगळीकडं ब्लाउजपीस, अस्तरं, फॉल, परकर. गिऱ्हाईक बाहेर उभं. उन्हाळ्यात आत पापड भाजून निघावा इतकं तापायचं. पण बायका यायच्या, पार पिंपरी पेंढारहून यायच्या. कारण आईच्या डोळ्यांत रंग होते. बाई नुसतं तोंडानं सांगायची, "आमसुली, पण जरासा वांगीकडं झुकलेला," आणि आई मागं वळून न बघता हात घालून जो तुकडा काढायची तो लागायचाच. मी शाळेतून येऊन तिथंच बाहेर पाटावर बसायची आणि वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना हे येत असणार.

मग रस्ता रुंद झाला आणि टपऱ्या उठल्या. आईचा पत्रा काढला त्या दिवशी तिनं कापडाची गाठोडी घरात आणून पलंगाखाली ढकलली आणि भाकरी थापायला बसली.

त्याच सुमाराला थोरल्या काकांनी रस्त्याकडेच्या घरच्या जागेत व्यापारी संकुल बांधलं होतं. संकुल म्हणजे काय, तर पुढं रस्त्याकडं तोंड करून गाळ्यांची एक रांग, मधे आत शिरायला बोळ, बोळातून गेलं की चौक, आणि चौकाच्या बाजूनं वळवलेली गाळ्यांची दुसरी छोटी रांग. पुढचे गाळे भिंती ओल्या असतानाच गेले. मोबाइलवाला, केकवाला, रेडीमेड कपड्यांवाला, आणि एकात काकांचं स्वतःचं शेतीच्या औषधांचं दुकान. मागचा अगदी कोपऱ्यातला गाळा मात्र कुणी घेईना. रस्त्यावरनं दिसत नाही, ऊन पोचत नाही, तोंड उत्तरेला. तोच आईला मिळाला.

काका वाईट नाहीत हां, हे आधीच सांगते. पण ते काका आहेत. आणि आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. काका आले की आई डोक्यावरचा पदर पुढं ओढते, आणि काका, आई समोर उभी असली तरी, माझ्याकडं नाहीतर भिंतीकडं बघून बोलतात. त्या दिवशी पण तसंच. मी सुट्टीला घरी आले होते. काका ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, दिवाळीपस्तोर चालवून बघ म्हणावं. चाललं तर चाललं. नायतर माझं गोडाऊन लहान पडतंय, कांद्याच्या लागणीला खताच्या गोण्या येतेत, त्या तिथं ठेवीन म्हणतो."

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं मला सांगितलं, "काकांना सांग, चालंल."

मी दोघांच्या मधे उभी. मी कुणाला काय सांगायचं!

म्हणजे बघा, एकीकडं आई आणि दुसरीकडं खताच्या गोण्या. आणि मधे दिवाळी.

मी पुण्याला परत गेले आणि इकडं सगळ्या पाहुण्यारावळ्यांनी मिळून आईचं दुकान सजवलं. मामा म्हणाला, पीओपी पाहिजे. आतेभाऊ म्हणाला, हल्ली काळी काच चालते. कुणीतरी निळ्या एलईडी पट्ट्या आणल्या. पूजेला मी आले तर दारातच थबकले. काळ्या काचेचं दार, त्याच्यावर सोनेरी अक्षरं, आत गुळगुळीत पांढरी लादी, छतात कमळ, कमळातनं निळा उजेड. कापडाचं दुकान म्हणावं का लग्नाच्या वरातीतली डीजेची गाडी म्हणावं, कळेना. पण आई! आई काचेवरनं हात फिरवत होती. "आयुष्यभर पत्र्यात बसले गं," ती म्हणाली. मग मी पेढा खाल्ला आणि छान म्हणाले.

पुढं काय झालं ते मला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आधी "हळूहळू येतील." मग "आज बाजार व्हता ना, म्हणून कुणी आलं न्हाई." पुढच्या वेळी "आज बाजार नव्हता ना, म्हणून." शेवटी मी सेमिस्टर संपल्यासंपल्या बॅग भरली आणि घरी आले. पाऊस सरत आला होता. दिवाळी लांब नव्हती.

मी पोचले त्याच दिवशी पिंपरी पेंढारची एक बाई आली. आईचं टपरीपासूनचं गिऱ्हाईक, जाड आवाजाची, ऊस तोडल्यासारखं बोलणारी. तिनं पिशवीतनं ब्लाउजपीस काढून काउंटरवर आपटला.

"हे काय दिलं वो मला? मी डाळिंबी मागितला व्हता."

"डाळिंबीच हाय की ताई," आई म्हणाली.

"हितं डाळिंबी हाय! घरी गेल्यावर वांगं झालं! माझी नणंद म्हणती, वयनी, भरीत करायचंय का?"

आईनं तो तुकडा निळ्या उजेडात धरला. चांगला डाळिंबी दिसत होता. मग ती बाई तो घेऊन दाराबाहेर गेली, आई मागोमाग, मी आईच्या मागोमाग. आणि बाहेर, राव, वांगं! पिकलेलं, चकचकीत, हिरवं देठ लावायचं तेवढं बाकी.

"टपरीत असं कधी झालं न्हाई बया तुजं," ती बाई जाता जाता म्हणाली. आता आवाज जरा मऊ होता. ते जास्त लागलं.

आई त्या रात्री जेवली नाही.

मला वाटलं, आता माझी पाळी! चार वर्षं काय शिकले मी? मॉल कसा बांधतात ते मला पाठ आहे. माणसाला दुरून शेवट दिसला पाहिजे, तरच तो आत चालत जातो. दुकानात शिरल्यावर पहिली चार पावलं माणूस काहीच बघत नाही, डोळे बसवत असतो, म्हणून तिथं महत्त्वाचं काही मांडू नये. बाहेरच्याला आतलं दिसलं पाहिजे आणि उंबरा जितका कमी जाणवेल तितकं बरं. आणि टोकाला असं काहीतरी हवं की लोकांनी सगळी दुकानं ओलांडून तिथंच जावं.

यातलं सगळ्यात सोपं मी आधी केलं. म्हणजे बोर्ड. बोळाच्या तोंडाला मोठा बाण काढून लावला, "मॅचिंग सेंटर आत आहे." दुसऱ्या दिवशी त्या बाणाला केकवाल्यानं सायकल टेकवली आणि मोबाइलवाल्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आत संडास हाय का?"

काका दुकानातनं बघत होते. "काय इंजिनेर, कुठवर आलं?"

"काका, आर्किटेक्ट."

"त्येच ते. तुझ्या आईला सांग, गोण्यांचा टेम्पो सांगून ठिवलाय मी."

मग मी बोर्डबिर्ड सोडून दिलं आणि चौकात केळ्यांचा एक रिकामा क्रेट उपडा घालून बसले. नुसती बघत. कॉलेजात आम्हाला सांगायचे, आधी बघा मग काढा, आणि आम्ही मान हलवून थेट काढायलाच बसायचो. या वेळी खरंच बघितलं. बाजाराचा दिवस होता, त्यामुळं तुरळक का होईना बायका येत होत्या. डिंभ्याकडची एक बाई आली, हातात दोन जड पिशव्या, काखेत साडीची घडी. दाराशी आली, काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसला, तिनं केस नीट केले. मग आत बघायला काचेला नाक लावलं. मग चपला काढल्या! आमच्याकडं हे असंच आहे. गुळगुळीत लादी दिसली की बाई चपला काढणारच, पाय मातीचे असतात ना. पिशव्या बाहेर ठेवाव्या का आत न्याव्या यात थोडा वेळ गेला. आत गेली. आईनं कापड दाखवलं. बाई म्हणाली, "जरा उजेडात बघते." बाहेर. चपला घातल्या. कापड वर धरलं. जमलं नाही. चपला काढल्या. आत. दुसरं कापड. बाहेर. चपला. परत आत. तिसऱ्या खेपेला तिची एक चप्पल पायरीवरनं खाली पडली आणि तिनं पिशव्या उचलल्या. "राहू द्या काकू, बस जाईल माझी. मागची कधी येईल काय भरवसा." आणि गेली.

मी क्रेटवर ताठ बसले. पुढची बाई पण तसंच. त्याच्या पुढची पण. आत, बाहेर, चपला, उजेड. कुणाला दुकान सापडत नव्हतं असं नाहीच मुळी! ज्या येत होत्या त्याच विकत न घेता जात होत्या! टपरीत "उजेडात दाखवा" हे वाक्य कुणाला बोलायलाच लागायचं नाही, कारण गिऱ्हाईक उजेडातच उभं असायचं. आणि आम्ही पैसे घालून, हौसेनं, काळी काच लावून तो उजेडच बाहेर ठेवला होता.

मग मला अजून एक सुचलं आणि मी पळत पुढच्या रांगेत गेले, रेडीमेडवाल्याकडं. त्याच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपार कलली होती. त्यानं दुकानावर हिरवी शेडनेट ताणली होती, टोमॅटोच्या रोपांवर ताणतात तीच, कारण उन्हानं शोकेसमधले शर्ट विटायचे. त्या जाळीखाली आईचा मोतिया रंगाचा तुकडा धरला तर दुधीभोपळा दिसला. जाळीबाहेर उन्हात धरला तर पिवळाधमक. तोच तुकडा घेऊन आमच्या कोपऱ्यातल्या गाळ्यासमोर आले आणि धरला. मोतिया. अगदी मोतिया! सकाळी मोतिया, दुपारी मोतिया, ढग आला तरी मोतिया. उत्तरेचा उजेड! चित्रकार लोक मुद्दाम उत्तरेला खिडकी ठेवतात असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून विसरून गेले होते. ज्या गाळ्याला सगळे नावं ठेवत होते, तो मॅचिंगच्या दुकानासाठी अख्ख्या संकुलातला एक नंबरचा गाळा होता! मी चौकात उभी राहून इतक्या जोरात ओरडले की केकवाला बाहेर आला. त्याला वाटलं साप निघाला.

आता आईला सांगायचं. ते अवघड होतं.

"काच काढायची?" आई म्हणाली.

"काढायची. अख्खा पुढचा भाग उघडा करायचा. शटर वर गेलं की मधे काहीच नको."

"म्हंजी परत टपरी."

खरं होतं ते. आई काउंटरमागं बसली, काचेकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच एक गोष्ट केली, मी सांगितली नव्हती. घरच्या कपाटातनं स्वतःच्या लग्नातला शालू काढून आणला, चिंतामणी रंगाचा. दुकानात निळ्या उजेडाखाली मांडीवर घेतला आणि फळीवरनं त्याला तुकडा शोधायला लागली. निवडून निवडून एक काढला. हाताखाली दाबला. मला म्हणाली, "चल." बाहेर गाळ्यापुढच्या ओट्यावर जाऊन तिनं शालूवर तो तुकडा टाकला.

चुकला होता. थोडाथोडका नाही, चांगला हिरवा निघाला.

आईच्या डोळ्यांनी रंग चुकवला, असं मी कधी बघितलं नव्हतं. तिनं पण नसणार. तिनं तुकडा परत एकदा शालूवर टाकून बघितला, आणि मग हसायलाच लागली! "अगं, मला वाटलं माझी नजर गेली. डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं ठरवलं व्हतं मी, तुला बोलले न्हाई." आणि लगेच, "काढ ती काच. आत्ता काढ. ह्या मेल्या काचंपायी मी मोतीबिंदू झाला म्हणत व्हते!"

काच निघाली. निळ्या पट्ट्या निघाल्या, त्या मामाच्या पोरानं पुढच्या गणपतीसाठी नेल्या. आतल्या आकाशी भिंती मी आणि आईनं मिळून पांढऱ्या केल्या, कारण भिंतीचा रंग पण कापडावर सांडतो. काउंटर आतनं ओढून पार पुढं ओट्यावर आणला, उभ्या माणसाच्या कमरेला येईल इतका उंच, वर पांढरा सनमायका. म्हणजे बाईनं चपला काढायच्याच नाहीत. लादीवर यायचंच नाही. ओट्यावर, सावलीत, उजेडात उभं राहायचं, पिशव्या काउंटरखालच्या फळीवर ठेवायच्या, दोन्ही हात मोकळे, साडी पसरायची. आणि कापडाची मांडणी मी गाळ्यात शिरताना डाव्या हाताच्या भिंतीला घेतली. कारण बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की कोपऱ्यातनं तेवढीच भिंत दिसते. तिच्यावर खालपासून वरपर्यंत रंग लावले. मोतिया, लिंबोळी, केशरी, अबोली, राणी, डाळिंबी, वांगी, चिंतामणी, मोरपंखी, शेवाळी. बाण काढून फेकून दिला.

आणि नवऱ्यांसाठी बाक! हा माझा आवडता भाग आहे. बायका निवांत निवडत असतात आणि नवरा गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत असतो, हे मी क्रेटवर बसून मोजता येणार नाही इतक्या वेळा बघितलं होतं. मी ओट्याच्या टोकाला एक बाक टाकला, रस्त्याकडं तोंड करून, आणि त्याच्या मागं मोबाइल चार्जिंगला प्लग. बस्स. पहिला माणूस बसला तो बायको तीन वेळा "चला" म्हणाली तरी उठेना. "अगं बघ की अजून एखादा, एवढी काय घाई?"

पण एक अडचण राहिली, आणि ती मोठी होती. गाळ्यासमोर, चौकाच्या पलीकडं, काकांच्या गोडाऊनची भिंत. त्या भिंतीवर दिवसभर ऊन, आणि तिच्यावरनं उसळून तो उजेड आमच्या ओट्यावर यायचा. उजेड भरपूर! पण भिंत होती पोपटी. बियाण्याच्या कंपनीनं रंगवून दिलेली, वर हा एवढा मोठा फ्लॉवर. सकाळी अकराच्या पुढं आमचं सगळं कापड पोपटी झाक मारायचं. मी मोतिया धरून बघितला तेव्हा माझी पाठ त्या भिंतीकडं होती, म्हणून ते माझ्याच आडोशात झाकून गेलं होतं.

काकांना म्हणाले, "काका, भिंत पांढरी करू या?"

"का? वंगाळ दिसती का?"

"रंग बदलतो कापडाचा."

"तुझ्या आईला सांग," काका भिंतीवरच्या फ्लॉवरला सांगितल्यासारखे म्हणाले, "फुकट रंगवून दिलीय ती. तिच्याकडं बघून शेतकरी बी घेत्यात. दिवाळी पण आलीच आता."

मी चिडले. आई नाही चिडली. तिनं फक्त निरोप पाठवला, काकांना नाही, काकूंना. की जाऊबाई, पोरीच्या साखरपुड्याची साडी घेतलीत म्हणे, मॅचिंग घरचंच बघा की.

काकू आल्या. अबोली रंगाची भारी साडी, भाजीच्या पिशवीत घालून आणली होती. भर दुपार. आईनं ओट्यावर साडी पसरली, तुकड्यावर तुकडे टाकले. काकूंनी साडीकडं बघितलं, मग तुकड्यांकडं, मग परत साडीकडं.

"अगं, ही अशी का दिसती? दुकानात लई ग्वाड व्हती."

"साडी चांगलीच हाय जाऊबाई. ती समोरची भिंत पडलीय तिच्यावर."

ऊन अडवायला कपाळाशी हात धरतात तसा आईनं एक पांढरा परकर भिंतीच्या बाजूनं आडवा धरला. साडी अबोली झाली. परकर काढला, साडी आजारी पडली. परत धरला, परत अबोली. काकूंनी दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा स्वतः परकर धरून बघितलं. मग त्या वळल्या आणि चौकातनंच, सगळ्या गाळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अवो! ऐकलं का! जरा हिकडं या!"

काका आले.

"लेकीचा साखरपुडा हाय का बेडकाचा?"

"आता काय झालं?"

"तुमच्या त्या फ्लावरनं पोरीची साडी पार बेडूक केलीय! भिंत पांढरी करा. आजच्या आज."

"अगं कंपनीची..."

"कंपनी येणारे का साखरपुड्याला?"

संध्याकाळपर्यंत फ्लॉवरवर चुना फिरला. काका स्वतः उभे राहून मारून घेत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीवर ऊन पडलं आणि ओट्यावर असा स्वच्छ, पांढरा, मऊ उजेड आला की मी आईला मिठीच मारली. आई म्हणाली, "सोड, गिऱ्हाईक येतंय."

आणि आलं! मी खोटं सांगत नाही. बोळापाशी एक मोटरसायकल हळू झाली, मागं बसलेल्या बाईनं आत रंगांची भिंत बघितली आणि नवऱ्याच्या पाठीत बुक्की घातली, "थांबा थांबा थांबा!" ती आली, उभी राहिली, साडी पसरली. आईनं तुकडा टाकला. बाईनं सवयीनं दोन्ही उचललं, बाहेर जायला वळली, आणि लक्षात आलं की ती बाहेरच आहे. ती हसली, आई हसली. पहिल्याच तुकड्यावर सौदा.

मग हा प्रकार थांबलाच नाही. पिंपरी पेंढारची ती जाड आवाजाची बाई परत आली, नणंदेला घेऊन. भरीतवाल्या नणंदेला! तिला तीन साड्यांचं मॅचिंग पाहिजे होतं. आई परत मागं न बघता हात घालायला लागली. "टपरी परत आली बया," ती बाई म्हणाली, "फक्त आता आमच्या डोक्यावं सावली हाय." रेडीमेडवाला त्याच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला, रंग बघायचा असेल तर मागं ओट्यावर जाऊन बघून या. म्हणजे टोकाला लोकांना ओढून नेणारं काहीतरी हवं, ते जे शिकले होते ना, ते आम्हीच झालो होतो!

आणि मग दिवाळीच्या तोंडावर टेम्पो आला.

खरंच आला. काकांनी आधीच सांगून ठेवलेला, खताच्या गोण्यांनी भरलेला. ड्रायव्हरनं बोळातनं आत घालायला बघितलं तर चौकात गाड्याच गाड्या. बाकावर नवऱ्यांची रांग, एकाच प्लगवर भांडण चाललेलं. ओट्यावर बायका इतक्या की आई दिसत नव्हती, नुसते तिचे हात दिसत होते, रंग काढताना.

ड्रायव्हर ओरडला, "शेठ, गोण्या कुठं उतरवायच्या?"

मी काकांकडं बघितलं. आईनं पण बघितलं असणार, कारण ओट्यावरचे हात थांबले. काका बोळात, टेम्पोच्या बाजूला उभे. त्यांनी चौकाकडं बघितलं, मग पांढऱ्या भिंतीकडं, मग टेम्पोकडं.

"घरी ने," ते म्हणाले. "पडवीत टाक."

"पडवीत? आनी काकू?"

"तिचं मी बघतो. तू मागं घे आधी, बायकांना येऊ दे."

मी नाचले नाही. म्हणजे नाचले, पण गाळ्याच्या आत, मांडणीमागं.

त्या दिवशी सूर्य डोंगराकडं कलला, पांढरी भिंत आधी केशरी झाली, मग राखी. ओट्यावर अजून बायका होत्या. आईनं हातातली साडी घडी करून परत दिली. "ताई, उजेड गेला. आता रंग खरा दिसायचा न्हाई. उद्या सकाळी या." ती बाई मान हलवून निघाली, बाकीच्या पण निघाल्या, कुणी कुरकुर केली नाही. पुढच्या रांगेत सगळे झगझगीत दिवे लागले होते आणि आई शटर ओढत होती.

काका बोळातनं आले. मला वाटलं, आता मला सांगतील, आईला सांग म्हणून. मी तयारच उभी होते.

पण ते माझ्या बाजूनं पुढं गेले आणि ओट्यासमोर थांबले. "दिवाळीचं आलेलं गिऱ्हाईक परत लावता व्हय?"

आईलाच विचारलं. सरळ.

आईचा हात पदराकडं गेला, पदर नीट केला, आणि तीही सरळच म्हणाली, "येत्यात दादा. उद्या तुमी दुकान उघडायच्या आधी येत्यात."

काका हं म्हणाले. शटर अर्ध्यावर अडकलं होतं, ते त्यांनी पायानं खाली दाबून दिलं.

सकाळी मी आणि आई किल्ल्या घेऊन गेलो तर बोळ भरलेला. सगळ्यात पुढं डिंभ्याची बाई, दोन पिशव्या खाली ठेवून, काखेत साडी. "काकू, लवकर उघडा," ती म्हणाली, "उजेड कवाच आलाय."